भाव विचारता, नकाशा बघत नाही

वह्या मिटा. आज पुढचा धडा होणार नाही.

चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या. प्रश्न अवघड नव्हता. बारावीच्या पुस्तकात निर्वसाहतीकरणाचा अख्खा धडा आहे, तो मी शिकवलेला आहे, आणि विचारलं होतं इतकंच की दुसऱ्या महायुद्धानंतर आफ्रिकेत स्वतंत्र राष्ट्रं कशी उभी राहिली ते स्वतःच्या शब्दांत लिहा. तुमच्यातल्या निम्म्या जणांची पहिली ओळ अशी: ‘आफ्रिका हा एक गरीब व मागासलेला देश आहे.’ देश! संयुक्त राष्ट्रांत ज्या खंडाची 54 सदस्य राष्ट्रं बसतात, ज्याच्या भूभागात आपला भारत नऊ वेळा मावेल, त्याला तुम्ही एका शब्दात देश करून टाकलंत. एखाद्याची चूक असती तर लाल शाईनं दुरुस्त करून पुढं गेलो असतो. पण तेच वाक्य, त्याच क्रमानं, तीच दोन विशेषणं घेऊन कागदामागून कागदावर आलं आहे. एकानं लिहिलं आणि बाकीच्यांनी डोळे मिटून उतरवलं. उतरवताना एकाच्याही मनात आलं नाही की हे खरं आहे का.

आणि उत्तरपत्रिका वाटताना मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, थ्या आफ्रिकेचं आपल्याले काय करा लागते?’ त्यावर वर्ग हसला. विचारणाऱ्यावर माझा फारसा राग नाही. त्यानं निदान तोंड उघडून विचारलं, आणि त्याला मी उत्तर देणार आहे. राग आहे तो हसणाऱ्यांवर. ज्याला आपण हसतो ते आपल्याला ठाऊक असावं लागतं. तुम्हाला काहीच ठाऊक नाही आणि तरी हसू आलं. या हसण्याला माज म्हणतात, पोरंहो, आणि अज्ञानातून आलेला माज मी माझ्या वर्गात चालू देणार नाही.

आता उत्तर ऐका. तुमच्यातल्या बहुतेकांच्या घरी सोयाबीनमध्ये तुरीची ओळ असते. डिसेंबर-जानेवारीत तूर निघते, बाप पोती घेऊन वाशीमच्या, रिसोडच्या नाहीतर कारंज्याच्या बाजार समितीत जातो आणि हर्रासीच्या वेळी अडत्याच्या तोंडाकडं बघत उभा राहतो. भाव पडला की घरी येऊन एवढंच सांगतो, ‘बाहेरची तूर आली.’ बाहेरची म्हणजे कुठली? कधी विचारलंत? म्यानमारची येते, आणि मोठ्या प्रमाणावर येते ती आफ्रिकेतून: मोझांबिक, मलावी, टांझानिया या देशांतून. 2016 साली भारत सरकारनं मोझांबिकशी करारच केला. पहिल्या वर्षी 1 लाख टन आणि वाढवत वाढवत 2020-21 पर्यंत वर्षाला 2 लाख टन डाळ, मुख्यतः तूर, तिथून घ्यायची असं ठरलं. मे 2021 मध्ये तुरीच्या आयातीवरचं बंधन उठलं. तिकडची तूर आपल्या आधी निघते, आपली मळणी व्हायच्या आत जहाजानं इथं पोचते. 2023 च्या अखेरीस मोझांबिकच्या नाकाला बंदरात निर्यातीच्या कागदपत्रांवरून आणि कंपन्यांच्या आपसातल्या भांडणावरून भारताकडे निघालेली तूर अडकून पडली, तेव्हा इथल्या व्यापाऱ्यांचे फोन खणखणत होते. व्यापाऱ्याला नाकाला माहीत आहे. ज्याच्या घरी तूर पिकते त्या पोराला माहीत नाही. मोबाइलवर रोजचा भाव बघता, पण भाव जिथून हलतो तो नकाशा उघडून बघत नाही. आणि वर विचारता, काय करा लागते.

आता मोझांबिकचा नकाशा काढा. पुस्तकाच्या मागं आहे. नीट बघा. पूर्वेला लांबच लांब समुद्रकिनारा आणि पश्चिमेकडून पाचर मारल्यासारखा मलावी आत घुसलेला. हा आकार निव्वळ डोंगर-नद्यांनी ठरवला नाही आणि तिथं राहणाऱ्या माणसांनी तर नाहीच नाही. 1886 साली पोर्तुगालनं एक नकाशा काढला आणि अटलांटिकपासून हिंदी महासागरापर्यंतचा सलग पट्टा, म्हणजे अंगोला ते मोझांबिक, गुलाबी रंगानं आपला म्हणून रंगवला. इंग्रजांना कैरोपासून केपपर्यंत उभा पट्टा हवा होता. 1890 च्या जानेवारीत लंडनहून लिस्बनला निर्वाणीचा खलिता गेला, पोर्तुगाल गपगुमान मागं सरलं आणि 1891 च्या तहात दोघांनी रेघ मारली. चेवा नावाचा समाज अशा रेघांनी तीन देशांत वाटला गेला. काही मोझांबिकमध्ये, काही मलावीत, काही झांबियात. याओ समाजाचंही तसंच. दोन भावांच्या वावरातला धुरा तलाठ्यानं न विचारता हलवला तर गावात काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. तिथं अख्ख्या जमातींचे धुरे असे हलवले गेले.

तुमच्यातल्या चार-दोन हुशारांनी लिहिलं आहे की 1884-85 च्या बर्लिन परिषदेत टेबलावर नकाशा पसरून पट्टीनं आफ्रिकेच्या सीमा आखल्या. तेही अर्धवट आहे. हुशारांनी अर्धवट लिहिलं की मला जास्त खटकतं. नोव्हेंबर 1884 ते फेब्रुवारी 1885 बिस्मार्कच्या बर्लिनमध्ये 14 देशांचे प्रतिनिधी बसले, त्यात एकही आफ्रिकी नव्हता, हे खरं. पण तिथं ठरले ते मुख्यतः नियम. किनाऱ्यावर झेंडा रोवून भागणार नाही, प्रत्यक्ष ताबा दाखवावा लागेल, काँगो आणि नायजर नद्यांवर व्यापार खुला राहील, असे. रेघा पुढच्या वीस-तीस वर्षांत दोघा-दोघांच्या तहांतून मारल्या गेल्या, जशी ही मोझांबिकची. याचा फरक काय पडतो? पडतो. पट्टीची गोष्ट सांगितली की सगळं एका दुपारच्या दुष्टपणावर ढकलता येतं आणि पुढची तीस वर्षं कोणी काय केलं, कुठला तह कुठल्या मालासाठी झाला, कोणत्या राजानं कसली अट घातली, कोण लढलं, हे वाचायचा त्रास वाचतो. 1 मार्च 1896 रोजी अडवा इथं इथिओपियाच्या सम्राट मेनेलिकनं इटलीच्या फौजेचा पुरता पराभव केला. युरोपच्या फौजेला आफ्रिकेनं रणात हरवलं आणि इथिओपिया स्वतंत्र राहिला. तुमच्या पट्टीच्या गोष्टीत मेनेलिकला जागा कुठं आहे?

आता खरं बोलतो. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातल्या पोरांनी असं लिहिलं असतं तर मला वाईट वाटलं असतं. तुम्ही लिहिलंत म्हणून संताप आला. कारण तुम्ही वऱ्हाडातले आहात. आपली जमीन कोणालाही न विचारता कागदावर इकडची तिकडं होणं म्हणजे काय, हे तुमच्या गावांनी भोगलेलं आहे.

1853 बघा. हैदराबादच्या निजामाच्या खर्चानं एक कंटिंजंट फौज पोसली जायची, तिच्यावर हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. तिचा खर्च थकला. 21 मे 1853 च्या करारानं त्या कर्जापोटी आणि फौजेच्या पुढच्या खर्चापोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली झालं. मालकी कागदावर निजामाची, वहिवाट इंग्रजांची. सोबत धाराशिव आणि रायचूर दोआबही गेले होते. 1860 साली उरलेलं 50 लाखांचं कर्ज सोडून दिलं गेलं आणि धाराशिव-रायचूर निजामाला परत मिळाले. कर्ज फिटलं तर गहाण सुटायला हवं होतं. वऱ्हाड सुटलं नाही. का? बाहेर जा आणि पायाखालची माती बघा. काळी, कापसाची. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी पेटली, तिथल्या दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि सगळ्यांची नजर वऱ्हाडाकडं वळली. जगाच्या दुसऱ्या टोकाला गुलामगिरीवरून लढाई आणि इथल्या वावरात कापूस पसरलेला. 1865 साली ती लढाई संपली, भाव कोसळले आणि सावकाराचं कर्ज तेवढं मागं राहिलं.

पुढं 1902 साली लॉर्ड कर्झननं निजाम महबूब अली खान यांच्याकडून वर्षाला 25 लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्यानं लिहून घेतलं आणि 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडलं. 1905 साली कारभाराच्या सोयीसाठी वऱ्हाडातले सहाचे चार जिल्हे झाले. त्यात आपला वाशीम जिल्हा, इंग्रजांच्या कागदांतला बासीम, मोडला. वाशीम आणि मंगरूळ अकोल्यात गेले, पुसद यवतमाळला गेलं. तो जिल्हा पुन्हा उभा राहायला 1 जुलै 1998 उजाडावा लागला. मधल्या काळात तुमच्या पणजोबा-आजोबांनी फेरफारासाठी, कोर्टकचेरीसाठी अकोल्याच्या वाऱ्या केल्या. 1853 ला नाही, 1902 ला नाही, 1905 लाही नाही. यातल्या एकाही वेळी मानोऱ्याच्या, मालेगावच्या, रिसोडच्या शेतकऱ्याला कोणी विचारलं नव्हतं. ही गोष्ट तुमच्या घरातली आहे. ती माहीत असलेला माणूस मोझांबिकच्या सीमेकडं बघून हसेल कसा?

मी वऱ्हाड आणि काँगो एका पारड्यात घालत नाही, हेही लिहून घ्या. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड यानं काँगो ही स्वतःची खाजगी मालमत्ता करून टाकली, रबराचा ठरलेला कोटा भरला नाही म्हणून माणसांचे हात तोडले गेले, आणि जगभर बोभाटा झाल्यावर 1908 साली ती वसाहत त्याच्याकडून काढून बेल्जियम सरकारनं घेतली. इथं तसं झालं नाही. इथं करार होते, गॅझेटियर होती, दुष्काळी कामं होती, आणि 1899-1900 च्या दुष्काळात माणसं मेली तीही होती. तुलना करायची ती दोन्ही गोष्टी नीट जाणण्यासाठी. कोणाचं दुःख मोठं हे मोजायला करायची नाही.

कापसावरच अजून थांबतो, कारण हा माल तुमच्या ओळखीचा आहे. 1886 साली, पोर्तुगालच्या त्या गुलाबी नकाशाच्याच वर्षी, हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमानं आपल्या कारंज्याला देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. 1897 साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. आजच्या बाजार समित्यांची मुळं तिथं आहेत. त्यात गिरणीवाल्यांचा स्वार्थ होता, चांगला कापूस खात्रीनं मिळावा हा. पण वजनमापाला, बाजाराच्या जागेला, व्यवहाराला काहीतरी नियम आला. मोझांबिकमध्ये काय झालं? 1938 पासून पोर्तुगीज सरकारनं कापसाची सक्ती अंमलात आणली. कुटुंबानं ठरवून दिलेल्या जमिनीत कापूसच लावायचा आणि सवलत मिळालेल्या कंपनीलाच, ठरवून दिलेल्या दरानं, विकायचा. नाही लावला तर मार, नाहीतर वेठबिगार. बाया घरची ज्वारी टाकून कापसाचं निंदण करायच्या आणि घरात उपास पडायचा. 1961 पर्यंत हे चाललं. ज्या देशाचा शेतकरी तुमच्या आजोबांच्या वयाच्या माणसांच्या आठवणीत अशा वेठीला होता, त्याला तुम्ही ‘मागासलेला’ एवढं एक विशेषण देऊन मोकळे होता. मागास ठेवलेला, असं तरी लिहा. आणि कोणी ठेवला, किती वर्षं, कोणत्या मालासाठी, तेही लिहा. मग गुण मागायला या.

रेल्वेचं उदाहरण तर कारंज्याच्या पोरांनी स्वतः द्यायला हवं होतं. बंद पडलेल्या शकुंतला गाडीबद्दल तुम्ही सगळ्यांनी ऐकलं आहे. यवतमाळ-दारव्हा-कारंजा-मूर्तिजापूर. ती अरुंद गाडी इंग्रज कंपनीनं कशासाठी घातली? कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाईनीवर चढवायचा, तिथून मुंबई, तिथून इंग्लंड. माणसं बसली ती बसली. लाईन कापसाच्या गाठींसाठी होती. आता मोझांबिकच्या नकाशावर रेल्वेच्या रेघा बोटानं शोधा. नाकालाहून आत, बैराहून आत, मापुटोहून आत. सगळ्या बंदराकडून पश्चिमेला जातात. दक्षिणेतल्या राजधानीला उत्तरेशी जोडणारी एकही सलग लाईन नाही. देश जोडायला रेल्वे घातलीच नव्हती. शेजारच्या खाणींचा आणि मळ्यांचा माल समुद्रावर आणायला घातली होती. असा देश 25 जून 1975 रोजी स्वतंत्र झाला, पोर्तुगीज वसाहतवाले झुंडीनं निघून गेले, जाताना यंत्रं मोडून गेले, आणि दोनच वर्षांत यादवी सुरू झाली. त्यातल्या रेनामो या बंडखोर गटाला आधी ऱ्होडेशियानं आणि मग वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेनं पोसलं. 1992 च्या ऑक्टोबरात रोममध्ये करार झाला तेव्हा ती थांबली. 2017 पासून उत्तरेला काबो देल्गादोत सशस्त्र बंडखोरी चालू आहे. 2024 च्या निवडणुकीचा निकाल लोकांनी मानला नाही, रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं मेली. फ्रेलिमो हा पक्ष 1975 पासून सत्तेवर आहे. त्याच्या चुका, त्याचा भ्रष्टाचार, हे झाकायचं कारण नाही. सगळं परक्यांवर ढकलणारा इतिहासही मला नको. पण कारणं लिहा. ‘तिथले लोक भांडखोर आहेत’ हे कारण नव्हे. हे एका पोरीनं लिहिलं आहे, आणि ती वर्गात पहिली येते.

त्याच काबो देल्गादोच्या समुद्रात नैसर्गिक वायूचा मोठा साठा आहे. त्या प्रकल्पात भारताच्या तीन सरकारी तेल कंपन्यांचा मिळून 30 टक्के हिस्सा आहे. मार्च 2021 मध्ये पाल्मा शहरावर हल्ला झाला आणि प्रकल्प थांबला. तुमच्या-माझ्या कराचा पैसा तिथं अडकला. तुम्हाला ठाऊकच नव्हतं.

बरं, आफ्रिका दूरची, पैसाही दूरचा, असं म्हणणाऱ्यांनी गोव्याकडं बघावं. 1752 पर्यंत मोझांबिकचा कारभार पोर्तुगीज गोव्याहून बघत. गोवा 1961 च्या डिसेंबरात मुक्त झाला. मोझांबिकचा स्वातंत्र्यलढा त्यानंतर पेटला आणि त्यात गोव्यात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा हे पत्रकार-अभ्यासक राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचे निकटचे सल्लागार होते. 19 ऑक्टोबर 1986 रोजी माशेल यांचं विमान कोसळलं तेव्हा तेही त्याच विमानात होते, त्यांच्यासोबत गेले. मॉरिशस आफ्रिकी संघाचा सदस्य आहे आणि तिथल्या शाळांत आजही मराठी शिकवली जाते. आणि मलिक अंबर? शहाजीराजांच्या धड्यात तुम्ही भातवडीची लढाई पाठ केलीत, 1624. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, जमिनीची मोजणी करून सारा ठरवणारा, खडकी वसवून तिथं नहरीनं पाणी खेळवणारा. तो इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि दख्खनेत येऊन मुघलांना वर्षानुवर्षं झुंजवत राहिला. ‘हबशी’ हा शब्द तुम्ही एकमेकांना चिडवायला वापरता, तो त्याला लागत होता. यापुढं या वर्गात तो शिवीसारखा ऐकू आला तर पालकांना बोलवीन. एकदाच सांगतोय.

वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म म्हणून तुम्ही छाती फुगवता. फुगवा, हरकत नाही. वाकाटकांची एक शाखा इथून राज्य करत होती, विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट इथंच सापडला, हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं कोरवलं. विंध्यशक्तीच्या त्याच चौथ्या शतकात आफ्रिकेतल्या अक्सुमचा राजा एझाना सोन्याची नाणी पाडत होता, शिलालेख कोरवत होता, आणि त्याच्या अदुलिस बंदरातून हिंदुस्थानाशी व्यापार चालत होता. आपल्याला प्राचीन राजधानी आहे म्हणून आपण मोठे, आणि त्यांना आहे हे माहीतच नाही म्हणून ते मागास. हा कुठला न्याय?

आता 1960. ते वर्ष तुम्हाला विसरायची परवानगी नाही, कारण 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र झाला. त्या एकाच वर्षात आफ्रिकेत 17 राष्ट्रं स्वतंत्र झाली: सेनेगल, काँगो, सोमालिया, नायजेरिया आणि इतर. घाना तीन वर्षं आधी, 6 मार्च 1957 ला, क्वामे एन्क्रुमांच्या नेतृत्वाखाली झाला होता. आपण त्या काळात आतल्या सीमा भाषेप्रमाणं नव्यानं आखत होतो. त्यासाठी शंभरावर माणसांनी प्राण दिले, बेळगावचं दुखणं आजही आहे, आणि 1955 च्या राज्य पुनर्रचना आयोगानं तर विदर्भ वेगळा करा असं लिहून ठेवलं होतं. पण आपल्याला हे भांडण एका राज्यघटनेच्या आत करता आलं. सीमा बदलली तरी फौजा समोरासमोर आल्या नाहीत. आफ्रिकेला ती सोय नव्हती. तिथली प्रत्येक रेघ आंतरराष्ट्रीय सीमा होऊन बसली होती. एक हलवली की दहा हलणार. म्हणून आफ्रिकी एकता संघटनेनं 1964 च्या जुलैत कैरोला ठराव केला की स्वातंत्र्याच्या वेळी मिळालेल्या सीमा आहेत तशा मानायच्या. ज्यांनी त्या रेघांचं दुःख सर्वांत जास्त भोगलं त्यांनीच त्या राखायचं ठरवलं. सोमालिया आणि मोरोक्कोला ते पटलं नाही. पुढं बियाफ्राचं युद्ध झालं, ओगादेनचं झालं. इरिट्रिया 1993 साली आणि दक्षिण सुदान 2011 साली वेगळे झाले. पण खंडभर सीमायुद्धांचा वणवा पेटला नाही. माझ्या मते विसाव्या शतकातल्या शहाण्या राजकीय निर्णयांपैकी तो एक आहे. तुमच्यापैकी कोणीही त्याचा उल्लेख केलेला नाही. सगळ्यांनी ‘लष्करी उठाव’ मात्र लिहिले आहेत, कारण ते मसालेदार वाटतात. उठाव झाले, आजही होतात. पण 1966 साली स्वतंत्र झालेलं बोट्स्वाना तेव्हा जगातल्या अगदी गरीब देशांत होतं. तिथं सेरेत्से खामा यांच्यापासून आजवर निवडणुका होत आल्या, आणि हिऱ्यांचा पैसा शाळांवर, रस्त्यांवर लागला. तोही आफ्रिकाच. तुमच्या ‘एका देशात’ तो बसत नाही म्हणून तुम्ही तो सोडून दिला.

काँगोत तर आपले जवान संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीत लढले. 5 डिसेंबर 1961 रोजी एलिझाबेथव्हिलमध्ये कॅप्टन गुरबचनसिंग सालारिया धारातीर्थी पडले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. पोलीस भरतीसाठी, सैन्यासाठी पहाटे मैदानावर धावणारी पोरं या वर्गात आहेत. परमवीरांची यादी त्यांना पाठ आहे. ते नाव कुठल्या देशात, कशासाठी गेलं ते नाही.

आणि शेवटची गोष्ट, जी मला खरी बोचते. मार्च 2017 मध्ये दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना जमावानं धरून मारलं. कॉलेजात शिकायला आलेली पोरं, तुमच्याच वयाची. मारणाऱ्यांना ती कुठल्या देशाची, कशासाठी आली, काही ठाऊक नव्हतं. रंग तेवढा दिसला. तुमच्यातले कितीतरी पुढल्या वर्षी पुण्याला जातील. तिथं तुमच्या शेजारच्या खोलीत सुदानचा, टांझानियाचा, इथिओपियाचा विद्यार्थी असेल. आज जे हसणं या वर्गात झालं ते घेऊन तुम्ही तिथं जाणार आहात का? तसं असेल तर मी तुम्हाला इतिहास शिकवला नाही, सनावळ्या शिकवल्या, आणि त्याही तुम्ही धड लिहिल्या नाहीत.

उत्तरपत्रिकांवर मी गुण दिलेले नाहीत. कोणी विचारायला येऊ नका. शनिवारपर्यंत प्रत्येकानं एक राष्ट्र घ्यायचं. यादी फळ्यावर लिहितो, रोल नंबरप्रमाणं, आणि एक राष्ट्र दोघांना मिळणार नाही. त्याची सीमा कोणत्या तहानं, कोणाच्या सहीनं ठरली, तिथून बाहेर कोणता माल जात होता आणि आज जातो, स्वातंत्र्य कधी आणि कोणाच्या हातात आलं, त्यानंतर सत्ता कशी बदलली, हे चार पानांत. मोझांबिक, मलावी आणि टांझानिया ज्यांच्या वाट्याला येतील त्यांनी बाजार समितीत जाऊन दोन अडत्यांना भेटायचं आणि तिकडच्या तुरीबद्दल ते काय सांगतात ते लिहून आणायचं. पाचवं पान सगळ्यांसाठी सारखं: आपल्या गावाचा तालुका आणि जिल्हा 1853 पासून आजवर किती वेळा बदलला. घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, जुने सातबारे, खरेदीखतं काढून बघा; त्यावर जिल्हा अकोला लिहिलेला सापडेल. ज्याचा कागद दुसऱ्याच्या कागदासारखा निघेल, त्या दोघांचेही कागद मी परत करीन आणि पुन्हा लिहून घेईन. फळ्याकडं बघा. रोल नंबर एक, अंगोला.